फोल्डर कशाला हवेत म्हणे!

मंडळी, हापिसात सध्या एक उपदेश फुकट मिळतो. "अरे, फोल्डर कसले करत बसतोस? सर्च आहे ना!" उपदेश करणाऱ्याच्या इनबॉक्सात न वाचलेल्या मेलांचा आकडा पाच अंकी असतो आणि तो आकडा तो मोठ्या कौतुकाने सांगतो. बरं, पसारा ही ज्याची त्याची खाजगी बाब. तुमच्या कपाटात मी डोकावायला येत नाही. पण हाच उपदेश जेव्हा सॉफ्टवेअरचं धोरण होतो, फोल्डर आणि शॉर्टकट म्हणजे 'जुन्या लोकांची खोड' असं ठरवून ते कोपऱ्यात सरकवले जातात, तेव्हा माझ्यासारख्याच्या पोटावर पाय येतो. आजचं भांडण त्यासाठी.

आधी एक खुलासा. मला दिसत नाही. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, कोड लिहितो, इतरांचा तपासतो, आणि तुमच्यासारखाच दिवसातले दोन-अडीच तास मेलमध्ये घालवतो. हे सगळं स्क्रीन रीडरवर. म्हणजे पडद्यावर जे काही आहे ते बोलून दाखवणारा प्रोग्राम. माऊस नाही. सगळं काम कीबोर्डवर, शुद्ध मराठीत ज्याला कळफलक म्हणतात त्याच्यावर.

या प्रोग्रामांचा इतिहासच मुळी नोकरीशी बांधलेला आहे. जॉज हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. तो बनवणारा टेड हेंटर हा मोटरसायकल शर्यतींत उतरणारा अमेरिकन इंजिनियर. १९७८ साली मोटारीच्या अपघातात त्याची दृष्टी गेली, मग तो प्रोग्रामिंगकडे वळला. डॉससाठी जॉज आला १९८९ साली. जॉज म्हणजे 'जॉब अ‍ॅक्सेस विथ स्पीच'. नावातला पहिला शब्दच 'जॉब' आहे, बघा! दुसरा एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली तो लिहायला घेतला, कारण विकत मिळणारे स्क्रीन रीडर अनेकांच्या खिशाला परवडणारे नव्हते. तो फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे, आणि कॉलेजातल्या पोरापासून बँकेतल्या क्लार्कपर्यंत कुणालाही तो एक पैसा न देता वापरता येतो. थोडक्यात काय, तर ज्यांना काम करायचं होतं अशा लोकांनी ही साधनं बनवली. हौस म्हणून नाही.

आता मुद्द्याकडे वळू.

'लावत बसू नका, शोधा' हा मंत्र आपल्याला मिळाला जीमेलकडून, १ एप्रिल २००४ ला. त्या दिवशी एक जीबी जागा देतो म्हटल्यावर लोकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली होती. जागा खरी निघाली आणि तिच्याबरोबर आलेला मंत्रही लोकांनी खरा मानला. एवढी जागा आहे तर काही पुसू नका, एवढा सर्च आहे तर काही लावू नका. डोळे असलेल्या माणसाला हे सोयीचं आहे, नाही कोण म्हणतो?

पण डोळा कसं काम करतो ते बघा. तुम्ही 'बजेट' असा शब्द टाकलात. पन्नास मेल आले. तुम्ही ते वाचत नाही, त्यांच्यावरून नजर फिरवता. ठळक अक्षर, अ‍ॅटॅचमेंटची पिन, साहेबांचं नाव, मार्चमधली तारीख.. दोन सेकंदात बोट त्या ओळीवर. डोळ्याला पन्नास ओळी एकदम दिसतात. कानाला एका वेळी एकच ओळ मिळते. पाठवणारा, विषय, तारीख मिळून एक ओळ चार सेकंद धरा. पन्नास ओळी म्हणजे दोनशे सेकंद. तीन मिनिटांच्या वर. एका मेलसाठी!

तुम्ही म्हणाल, स्क्रीन रीडर भरभर बोलतो की. हो, बोलतो. माझ्या स्क्रीन रीडरचा वेग इतका आहे की शेजारच्याला ते मराठी आहे की इंग्रजी तेही कळत नाही. शिवाय मी सगळं ऐकतही नाही. पहिले दोन शब्द ऐकले आणि नको असेल तर खालचा बाण. बाण दाबला की आधीचं बोलणं तुटतं, पुढची ओळ सुरू. पण वेग वाढवला तरी रांग ती रांगच. रांग भरभर सरकली म्हणून तिचं दुकान होत नाही.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावाही मांडतो, उगाच लपवाछपवी नको. २०११ साली आयबीएमच्या संशोधकांनी स्टीव्ह व्हिटेकरच्या नेतृत्वाखाली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३४५ लोक, जुने मेल पुन्हा शोधण्याच्या ८५ हजारांवर कृती. निष्कर्ष असा की फोल्डर लावून ठेवणाऱ्यांना मेल काही जास्त चांगले सापडत नाहीत, आणि सर्च करणाऱ्यांचा वेळ कमी जातो. फोल्डरविरोधी मंडळी हा अभ्यास गीतेसारखा हातात धरून बोलतात. अभ्यास चांगला आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण तो सरासरी सांगतो, आणि सरासरी माणूस डोळ्यांनी वाचतो. सर्चचा निकाल आल्यावर त्यातून नेमका मेल उचलायला लागणारा वेळ डोळसाला जवळजवळ शून्य असतो. माझा सगळा वेळ तिथेच जातो. ज्या हिशेबात माझा खर्चच मांडलेला नाही, त्या हिशेबातली बचत मला दाखवू नका.

फोल्डर म्हणजे माझ्यासाठी काय? ऐकायच्या आधीच केलेली निवड. बस्स. तीनशे ओळींच्या रांगेत उभं राहण्याऐवजी बारा ओळींच्या रांगेत उभं राहायचं. यात शिस्त नाही, टापटीप नाही, आईने लावलेलं वळण नाही. निव्वळ गणित आहे.

आणि हे गणित कसं मांडायचं यालाही अक्कल लागते. ती कुठे शिकवत नाहीत म्हणून जरा तपशिलात सांगतो.

माझे फोल्डर सात आहेत. सत्तर नाहीत. एकाच्या पोटात दुसरा असा एकही नाही, कारण फोल्डरांचं झाड वाचताना स्क्रीन रीडर 'मिटलेलं, पातळी दोन, एकतीसपैकी चौथं' असलं सगळं पुराण सांगतो. फांद्या वाढवल्या की पुराण वाढतं. यादीत अक्षर दाबलं की त्या अक्षराने सुरू होणाऱ्या नावावर उडी जाते, म्हणून कुठल्याही दोन फोल्डरांचं पहिलं अक्षर सारखं ठेवायचं नाही. नावं मराठी हवीत, ती माझी हौस. पण मग उडी मारायला दर वेळी कीबोर्डची भाषा बदलावी लागते. त्यावर उपाय साधा आहे: नावाच्या आधी एक आकडा, तोही इंग्रजी. एक उत्तर, दोन वाट, तीन प्रकल्प, चार यंत्र, पाच सीसी, सहा पगारपाणी, सात जुनं. 'उत्तर'मध्ये मी उत्तर द्यायचे ते मेल. 'वाट'मध्ये मी ज्यांच्या उत्तराची वाट बघतोय ते. 'यंत्र'मध्ये बिल्ड सर्व्हर, कॅलेंडर, टिकेट सिस्टीम वगैरे निर्जीव प्राण्यांनी पाठवलेले. 'सीसी'मध्ये, ज्यात माझं नाव फक्त सीसीत आहे असे सगळे.

शेवटचे दोन मी हाताने लावतच नाही. नियम लावून ठेवलेत, मेल येतानाच तिकडे जातात. यामुळे इनबॉक्सात उरतं ते माणसांनी मला उद्देशून लिहिलेलं. सकाळी बसलो की ही रांग पंधरा-वीस ओळींची असते, आणि तेवढी ऐकता येते.

यादीच्या ओळीतही काटछाट करायची. मेल-प्रोग्राम आपणहून महत्त्वाचा झेंडा, साईझ, वर्गवारी, फोल्डरचं नाव असे दहा रकाने बोलून दाखवतो. मला तीन पुरतात: पाठवणारा, विषय, तारीख, याच क्रमाने. बाकीचे रकाने काढून टाकले की प्रत्येक ओळीमागे दोन-तीन सेकंद वाचतात. दिवसाला दीडशे ओळी धरल्या तर पाच-सात मिनिटं. प्रीव्ह्यूची खिडकी बंद, म्हणजे फोकस भलतीकडे भटकत नाही. तारखेनुसार गट पाडणं बंद, म्हणजे 'मागचा आठवडा, उघडलेलं' असली मथळ्यांची बडबड बंद.

हे झालं घर. आता दारं. म्हणजे शॉर्टकट.

जुन्या आउटलूकमध्ये कंट्रोल+शिफ्ट+व्ही दाबलं की मेल हलवायचा डबा उघडतो, कंट्रोल+वाय दाबलं की कुठल्याही फोल्डरात जाता येतं, कंट्रोल+शिफ्ट+आय म्हणजे इनबॉक्सात परत. २०१० च्या आवृत्तीत क्विक स्टेप्स आल्या. कंट्रोल+शिफ्ट+१ ते ९ पर्यंत नऊ कामं स्वतः ठरवायची. माझे सात फोल्डर आणि ते सात आकडे एकच आहेत. मेल ऐकला, कंट्रोल+शिफ्ट+२, गेला 'वाट'मध्ये. डोळस माणूस मेल ओढून फोल्डरवर टाकतो त्याच्याआधी माझं काम झालेलं असतं. ही फुशारकी नाही हं. योग्य दारं असली की आंधळा माणूस मागे पडत नाही, एवढंच सांगायचंय.

जीमेलची तऱ्हा निराळी. तिथे शॉर्टकट म्हणजे एकेकटं अक्षर. सी दाबलं की नवा मेल, ई दाबलं की आर्काइव्ह, एल दाबलं की लेबलांची यादी, के दाबलं की वरचा मेल. सेटिंगमध्ये जाऊन ते आधी चालू करावे लागतात. पण वेबपान वाचताना स्क्रीन रीडरही एकेकटं अक्षर वापरतो! एनव्हीडीएत ई म्हणजे पुढची लिहायची चौकट, एल म्हणजे पुढची यादी, के म्हणजे पुढचा दुवा, सी म्हणजे पुढचा कॉम्बो बॉक्स. एकाच किल्लीवर दोघांचा हक्क. म्हणून आधी इन्सर्ट+स्पेस दाबून स्क्रीन रीडरला गप्प हो, अक्षरं पुढे जाऊ दे असं सांगायचं, मग जीमेलची अक्षरं वापरायची, मेल वाचायचा झाला की परत इन्सर्ट+स्पेस. विसरलात आणि मेल वाचायला म्हणून ई दाबलंत, तर मेल आर्काइव्हमध्ये जातो. याला कुणी उपाय शोधला नाही असं नाही. २०१८ च्या जूनमध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.१ या वेबच्या मापदंडात खास कलम आहे, २.१.४: एकट्या अक्षराचा शॉर्टकट ठेवलात तर तो बंद करायची किंवा बदलायची सोय द्या, नाहीतर तो त्या वस्तूवर फोकस असतानाच चालू द्या. तेही सगळ्यात खालच्या, म्हणजे 'एवढं तरी कराच' या पातळीवर. किती वेब-डेव्हलपर मंडळींनी हे कलम वाचलंय? हात वर करा. (कुणाचा वर झाला ते मला दिसणार नाही, तेव्हा खरं बोला. :) )

लेबलांचंही तसंच. लेबल म्हणजे फोल्डर नव्हे, एका मेलला चार लेबलं लागू शकतात, किती आधुनिक! पण तोच मेल थंडरबर्डसारख्या प्रोग्राममध्ये आयमॅपने आणला की लेबलं फोल्डर होऊन येतात, आणि तीच ओळ चार ठिकाणी आणि वर 'ऑल मेल'मध्ये पाचव्यांदा ऐकायला मिळते. डोळ्याला ही डुप्लिकेट ओळ क्षणात कळते. कानाला ती पाच वेगळी कामं वाटतात.

आता माझा खरा राग कशावर आहे तो सांगतो. बदलावर नाही. मीही सॉफ्टवेअर बनवतो, बदल हीच माझी भाकरी आहे. राग आहे तो किल्ल्यांना रंग समजण्यावर. दर दोन-चार वर्षांनी नवं रूप येतं. तुमच्यासाठी बटण इकडून तिकडे सरकतं, दोन दिवस कुरकुर करता, तिसऱ्या दिवशी डोळ्याला सवय होते. कारण बटण दिसतं. किल्ली दिसत नाही. ती फक्त बोटांच्या आठवणीत असते. ती बदललीत तर माझ्या हातात काय उरतं? भिंती चाचपत दार शोधणं.

गेल्या काही वर्षांतल्या घडामोडीच बघा. जीमेलची साधी एचटीएमएल मांडणी २०२४ च्या सुरुवातीपासून बंद झाली. जुनी दिसायची, रुक्ष होती, पण दुवे आणि टेबल एवढंच असल्यामुळे कानाला सोपी होती. विंडोजमधला मेल नावाचा छोटा प्रोग्राम ३१ डिसेंबर २०२४ ला संपला. नवं आउटलूक २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वांसाठी म्हणून जाहीर झालं, आणि ते मुळात वेबपान आहे. जुन्या आउटलूकच्या पोटातल्या ऑब्जेक्ट मॉडेलशी स्क्रीन रीडर थेट बोलत असत. त्याच्या जोरावर वर्षानुवर्षं स्क्रिप्टा लिहिल्या गेल्या. वेबपानात ती वाट नाही, सगळं नव्याने जुळवायचं. नवं ते वाईटच असं मी म्हणत नाही. जुनं आउटलूकही २०२९ पर्यंत तरी सांभाळू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. पण जुळवणीचा हा खर्च दर वेळी कुणाच्या खात्यावर पडतो? ज्याची दारं बदलली त्याच्या. रात्री जागून, स्वतःच्या वेळात.

आणि सवयींचा मान राखता येत नाही असंही नाही. आउटलूकमध्ये कंट्रोल+एफ दाबलं की शोध का होत नाही, मेल फॉरवर्ड का होतो, हे कोडं तुम्हाला पडलं असेलच. मायक्रोसॉफ्टच्याच रेमंड चेनने त्याची गोष्ट सांगितली आहे. नव्वदच्या दशकात आउटलूकच्या पूर्वजाची चाचणी चालू असताना कंट्रोल+एफने शोध व्हायचा. एका चाचणीकर्त्याने तक्रार केली की आपल्या बोटांना त्या किल्लीवर फॉरवर्डची सवय आहे. किल्ली त्याच्या मनासारखी बदलली गेली. तो चाचणीकर्ता म्हणजे बिल गेट्स! आता बोला. एका माणसाच्या बोटांच्या सवयीचा मान साऱ्या जगाने तीसेक वर्षं राखला. आम्ही मागतोय ते याहून कमी आहे. आमच्यासाठी किल्ली बदलू नका, फक्त आहे ती राहू द्या.

हे सगळं 'सोयीचं' भांडण वाटत असेल तर एक अनुभव ऐका. माझ्या जुन्या एका कंपनीत शनिवार-रविवारी मेलचा प्रोग्राम बदलला. सोमवारी सकाळी हलवायची किल्ली मुकी, फोल्डरांची यादी 'बटण, बटण, बटण' एवढंच बोलते, कारण बटणांना नावच दिलेलं नाही. हेल्पडेस्कला फोन केला. पोरगा भला होता. म्हणाला, "सर, राईट क्लिक करा ना, मूव्ह येतंय." मी म्हटलं, "बाळा, माऊस नाही वापरत मी." पलीकडे शांतता. मग टिकेट बंद झालं, शेरा होता: युजरला ट्रेनिंगची गरज. ते दोन आठवडे माझी उत्तरं उशिरा गेली. आणि वर्षअखेरीच्या आढाव्यात एक वाक्य आलं: 'रिस्पॉन्स टाइम सुधारायला वाव.' बटणाला नाव द्यायला एका डेव्हलपरला पाच मिनिटं लागली असती. ती त्याने वाचवली आणि माझ्या आढाव्यात खर्ची पडली.

माझं निभावलं, कारण माझ्या गाठीशी अनुभव होता आणि साहेबांशी भांडायची धमक होती. पण पहिल्या नोकरीतल्या पोराचं काय? सरकारी आणि बँकांच्या नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण आहे, त्यातला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांचा. परीक्षा देऊन, झगडून तो खुर्चीवर बसतो, आणि खुर्चीसमोरचा मेल मुका निघतो. मग त्याला फोन उचलायला बसवतात. वर्षभराने म्हणतात, "बिचारा, त्याला जमत नाही." जमत नाही ते सॉफ्टवेअरला. शेरा मात्र पडतो पोरावर.

फक्त डेव्हलपरांनाच धारेवर धरतोय असं समजू नका. मेल लिहिणारे तुम्हीही काही कमी नाही. सब्जेक्ट रिकामा. किंवा 'हाय'. किंवा 'अर्जंट'. किंवा तीन वर्षांपूर्वीच्या भलत्याच मेलला रिप्लाय करून नवीन विषय काढलेला. मी पहिले दोन शब्द ऐकून पुढे जातो हे वर सांगितलंय. ते दोन शब्द 'एफडब्ल्यू, आरई' असतील तर तुमचा मेल माझ्यासाठी बिननावाचा. त्यावर कंपनीची सुरक्षा प्रत्येक बाहेरच्या मेलच्या कपाळावर 'एक्स्टर्नल' लिहिते. दिवसातून साठ वेळा 'एक्स्टर्नल' ऐकून बघा एकदा, नामस्मरणाचं पुण्य तरी मिळेल. मग 'पीएफए' म्हणून स्क्रीनशॉट. टेबल होतं, ते कॉपी करून चिकटवता आलं असतं, पण नाही, त्याचा फोटो काढायचा. स्क्रीन रीडर म्हणतो: 'ग्राफिक'. धन्यवाद.

आणि मराठी? मराठीचं दुःख वेगळंच. युनिकोड येऊन एवढी वर्षं झाली, विंडोजमध्ये मराठी टंक आयता मिळतो, स्क्रीन रीडरला मराठी वाचता येतं (ईस्पीकचा आवाज लताबाईंचा नाही, पण कळतं). तरी आजही कुठून तरी जुन्या फॉन्टमधली फाईल येते, जिच्यात दिसायला मराठी आणि आतून इंग्रजी अक्षरांची भेळ. डोळ्याला 'परिपत्रक' दिसतं, कानाला नुसता खडखडाट ऐकू येतो. शासन निर्णयाच्या फाईलचं नाव म्हणजे एक लांबलचक आकडा. आतलं पान स्कॅन केलेलं असलं तर वाचायला फोटोच. असा मेल कुठल्या फोल्डरात टाकू? 'सात जुनं'च्या पुढे 'आठ देव जाणे' असा एक काढावा म्हणतो.

"पण असे किती लोक आहात तुम्ही?" हा प्रश्न मीटिंगमध्ये हमखास येतो. २०११ च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व नोंदवलेले ५० लाखांच्या वर होते. "कायदा काय म्हणतो?" हाही येतो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतूडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक नव्हे, बंधनकारक हवेत. ३० एप्रिल २०२५ ला, ई-केवायसीच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच, कलम २१ चा, भाग मानला. म्हणजे दया मागायची वेळ गेली.

अशा ठिकाणी 'यात तुमचाही फायदा आहे' असं सांगायची पद्धत आहे. मनगट दुखणाऱ्याला कीबोर्ड बरा, वगैरे. खरंही आहे ते. पण मी त्याच्या आधारावर मागणार नाही. तुमचा काडीचा फायदा नसला तरी मला माझं काम करता आलं पाहिजे, एवढं कारण पुरेसं आहे.

तेव्हा मागणी साधी आहे, मोजून चार कलमं.

१. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनो, शॉर्टकट हा करार आहे. बदलायचाच असेल तर जुना चालू ठेवा आणि स्वतःचा ठरवायची सोय द्या.

२. बटणाला नाव द्या. चाचणी करताना माऊस काढून ठेवा आणि एक मेल वाचून, उत्तर देऊन, फोल्डरात टाकून दाखवा. एनव्हीडीए फुकट आहे, तुमच्या मशीनवर आजच बसेल. नाही जमलं तर रिलीज थांबवा.

३. आयटीवाल्यांनो, प्रोग्राम बदलायच्या आधी, ज्याचं पोट त्याच्यावर आहे त्याला विचारा. नंतर ट्रेनिंगचा शेरा मारू नका.

४. मेल लिहिणाऱ्यांनो, सब्जेक्टचा पहिला शब्द कामाचा ठेवा. 'बजेट: शुक्रवारपर्यंत मंजुरी हवी' असं लिहायला 'अर्जंट' लिहिण्यापेक्षा चार सेकंद जास्त लागतात. ते तुम्ही एकदाच घालवता, ऐकणारा दर वेळी वाचवतो.

असो. सोमवारी पुन्हा कुणीतरी टेबलाशी येऊन फोल्डरांवरून शहाणपण शिकवेलच. त्याला एवढंच सांगणार आहे: तू खुशाल सर्च कर, तुझा इनबॉक्स तुला लखलाभ. पण माझी दारं बुजवून वर 'फोल्डर कशाला हवेत' असं मला विचारू नकोस.